कट्ट्याची कंपनी होते तेव्हा...

तुमच्या ऑफिसात सगळ्यात विनोदी माणूस कोण? नाव लगेच डोळ्यांसमोर आलं ना? मीटिंगमध्ये साहेब टार्गेटवर बोलत असताना हा कोपऱ्यातून एकच शब्द पुटपुटतो आणि शेजारच्या तिघांना एकदम खोकल्याची उबळ येते... तोच! आता पुढचा प्रश्न. समजा, उद्यापासून त्याला याच कामाचा पगार मिळायला लागला तर? सकाळी साडेनऊला कार्ड स्वाइप करायचं, संध्याकाळपर्यंत बारा जोक द्यायचे, क्लायंटला त्यातले आठ आवडले नाहीत तर जेवणानंतर पुन्हा बसायचं. वर्षाच्या शेवटी अप्रेझल. 'तुझे जोक चांगले आहेत रे, पण यंदा मार्केट डाऊन आहे!'

हसताय? अमेरिकेत हे खरोखर घडलंय. एकदा नाही, चांगलं तीन वेळा. कॉलेजात टवाळक्या करणारी पोरं एकत्र आली. त्यांनी मासिक काढलं, पुस्तकं काढली, सिनेमे लिहिले, वेबसाइट उघडली. देश पोट धरून हसला, डॉलर्सचा पाऊस पडला. आणि मग दर वेळी एकच सवाल उभा राहिला. क्युबिकलमध्ये बसणाऱ्या आपल्या सगळ्यांना तो चांगलाच ओळखीचा आहे. बॉस, मेहनत कुणाची आणि माल कुणाचा?

तर आज अमेरिकन कॉलेज ह्यूमरची ही गोष्ट. विनोद कमी सांगू, हिशेब जास्त!

किल्ल्यातली पोरं

अमेरिकन कॉलेजांना विनोदी मासिक काढायची खोड फार जुनी. येल विद्यापीठाचं 'येल रेकॉर्ड' निघालं १८७२ साली. चार वर्षांनी, १८७६ मध्ये, हार्वर्डच्या सात विद्यार्थ्यांनी लंडनच्या 'पंच' साप्ताहिकाकडे बघत 'हार्वर्ड लॅम्पून' सुरू केलं. लॅम्पून म्हणजे टर उडवणं, जाहीर फिरकी घेणं. नावातच सगळा अजेंडा! मग प्रिन्स्टनचं 'टायगर', स्टॅनफर्डचं 'चॅपरल', कोलंबियाचं 'जेस्टर' अशी रांगच लागली. १९२० च्या दशकात तर 'कॉलेज ह्यूमर' याच नावाचं मासिक शिकागोतून निघत होतं. त्याचा फंडा एकदम सोपा. देशभरातल्या कॉलेज-मासिकांतले विनोद गोळा करायचे आणि पुन्हा छापायचे. आपण फॉरवर्ड करतो ना, तेच. फक्त विकत!

या सगळ्यात लॅम्पूनचा थाट वेगळा. केंब्रिज गावात त्यांचं ऑफिस म्हणजे चक्क एक छोटा किल्ला आहे. १९०९ साली बांधलेला. समोरून बघितलं तर शिरस्त्राण घातलेला चेहरा आपल्याकडे डोळे वटारून बघतोय असं वाटतं. त्याचा आर्किटेक्ट मूळच्या सात जणांपैकीच एक होता, आणि पैसा पुरवणाऱ्यांत होते विल्यम रँडॉल्फ हर्स्ट, पुढे अमेरिकेतले बडे वृत्तपत्रसम्राट झाले ते. विद्यार्थी असताना हर्स्ट लॅम्पूनचे बिझनेस मॅनेजर होते. हार्वर्डची डिग्री मात्र न घेताच बाहेर पडले!

या किल्ल्यातले उद्योगही तसेच. १९३३ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळात टांगलेला लाकडी कॉड मासा अचानक गायब झाला. हा मासा म्हणजे त्या राज्याचं मानचिन्ह. पोलिसांची पळापळ झाली आणि संशयाची सुई फिरून फिरून लॅम्पूनवर आली. मासा सापडला, राज्याने सुस्कारा सोडला. १९५३ मध्ये डाव उलटला. लॅम्पूनच्या किल्ल्यावर बसवलेला तांब्याचा आयबिस पक्षी 'हार्वर्ड क्रिम्सन' या विद्यार्थी-दैनिकाच्या पोरांनी पळवला आणि थेट सोव्हिएत रशियाच्या अधिकाऱ्याला समारंभपूर्वक भेट दिला. मॉस्को विद्यापीठाच्या नव्या इमारतीवर लावा म्हणून! कोल्ड वॉर ऐन भरात असताना आपला पक्षी रशियाकडून परत मागायची वेळ लॅम्पूनवर आली.

पोरकटपणा? शंभर टक्के. पण त्यातली एक गोष्ट लक्षात घ्या. इथे जोक फसला तर कुणाची नोकरी जात नव्हती. पगारच नव्हता, तर कापणार काय? जाहिरातदाराची भीती नाही, घरभाड्याची चिंता नाही, सोबत आपल्याच वयाची, आपलेच मास्तर आणि आपलीच कँटीन माहीत असलेली चाळीस पोरं. अर्धा जोक सांगितला की उरलेला समोरचाच पूर्ण करतो. विनोदाला याहून चांगली प्रयोगशाळा सापडणं कठीण.

अर्थात फसण्याची किंमत शून्य असायला आधी खिसा भरलेला लागतो. हार्वर्डची पोरं कुणाच्या घरची होती हे सांगायला नको. शिवाय सगळ्याच कॉलेजांचे डीन इतके प्रेमळ नव्हते. डार्टमथ कॉलेजात 'जॅक-ओ-लँटर्न' नावाचं असंच मासिक होतं. १९२५ मध्ये, दारूबंदीच्या काळात, त्याचा संपादक मित्रांबरोबर खोलीवर जिन पिताना पकडला गेला. डीनने त्याचं संपादकपद काढून घेतलं. पठ्ठ्याने काय करावं? कार्टून काढणं चालूच ठेवलं, फक्त खाली आपलं मधलं नाव टाकायला लागला. थिओडोर गाइझेलचं ते मधलं नाव होतं 'स्यूस'. हो, लहान मुलांच्या पुस्तकांचे जगप्रसिद्ध डॉक्टर स्यूस! एका डीनच्या शिस्तीमुळे जगाला एक टोपणनाव मिळालं.

पंच्याहत्तर लाख डॉलर्सचा जोक

आता मोठी उडी मारू, थेट १९६० च्या दशकाच्या शेवटाला. हार्वर्ड लॅम्पूनमध्ये दोन पोरं भेटतात. हेन्री बियर्ड, पाइप ओढणारा, शांत, कामाचा वाघ. आणि डग्लस केनी, ओहायोतल्या मध्यमवर्गीय घरातला, कुणाचीही नक्कल हुबेहूब करणारा. दोघांनी मिळून टॉल्कीनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चं विडंबन लिहिलं, 'बोअर्ड ऑफ द रिंग्ज'. साल १९६९. कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोरांची मस्करी, पण पुस्तक पुढे कित्येक दशकं छापलं जात राहिलं.

मग दोघांच्या, आणि त्यांचा तिसरा दोस्त रॉबर्ट हॉफमनच्या, डोक्यात आलं की कॉलेज संपलं म्हणून मजा का संपवायची? न्यूयॉर्कमध्ये मॅटी सिमन्स नावाचे प्रकाशक भेटले. हे गृहस्थ पूर्वी क्रेडिट कार्डवाल्या डायनर्स क्लबमध्ये मोठ्या हुद्द्यावर होते, म्हणजे व्यवहाराला पक्के. एप्रिल १९७० मध्ये 'नॅशनल लॅम्पून'चा पहिला अंक आला. नाव वापरू दिल्याबद्दल हार्वर्डच्या जुन्या लॅम्पूनला रॉयल्टी ठरली. म्हणजे बघा, किल्ल्यातली पोरंही हिशेबाला कच्ची नव्हती!

आणि मासिक जे सुटलं ते सुटलंच. व्हिएतनाम युद्ध, निक्सन, चर्च, हिप्पी, स्वतःचे वाचक... कुणालाच सोडलं नाही. जानेवारी १९७३ चं कव्हर आजही मॅगझिन डिझाइनच्या गप्पांत निघतंच. एका गोंडस कुत्र्याच्या डोक्याला पिस्तूल लावलंय, आणि मजकुराचा मतलब असा की अंक विकत घ्या, नाहीतर कुत्रा गेला! १९७४ मध्ये केनी आणि पी. जे. ओ'रूर्क यांनी ओहायोतल्या एका काल्पनिक शाळेचं आख्खं ईयरबुक रचलं. मुलांचे फोटो, मास्तरांचे संदेश, मागच्या पानावरच्या सह्या, सगळं खोटं आणि सगळं आपल्याच शाळेतलं वाटावं इतकं खरं. विडंबनाचं हे खरं तंत्र. ज्याची टर उडवायची त्याचं रूप इतकं बारकाईने उचलायचं, की वाचणारा क्षणभर फसला पाहिजे. त्याच वर्षी मासिकाच्या एका अंकाचा खप दहा लाखांच्या पुढे गेला.

कागदावर भागेना म्हणून स्टेज शो आला, रेडिओ शो आला. १९७३ च्या 'लेमिंग्ज' या नाटकात जॉन बेलुशी आणि चेव्ही चेस होते. दोन वर्षांनी, ऑक्टोबर १९७५ मध्ये, 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' सुरू झालं तेव्हा हे दोघे तिथे गेले, आणि लॅम्पूनचा सगळ्यात तिखट लेखक मायकल ओ'डोनह्यू तिथला हेड रायटर झाला. वाढून ठेवलेलं ताट टीव्हीने उचललं म्हणा ना! कॉलेजच्या कट्ट्यावरची भाषा आता शनिवारी रात्री घराघरात पोचली.

आणि हिशेब? तो आधीच करारात लिहिलेला होता. पाच वर्षांनी तिन्ही संस्थापकांचा हिस्सा कंपनीने विकत घ्यायचा अशी अट होती. १९७५ मध्ये ती वेळ आली, आणि तिघांना मिळून ७५ लाख डॉलर्स मिळाले. त्या काळातले ७५ लाख! बियर्डने पैसे घेतले आणि शांतपणे दार ओढून घेऊन निघून गेला. केनी तेव्हा जेमतेम अठ्ठावीस वर्षांचा होता. अठ्ठावीस. तुमच्यापैकी कित्येकांचं वय.

टोगा! टोगा!

केनी थांबला नाही. हॅरल्ड रॅमिस आणि क्रिस मिलर यांच्याबरोबर त्याने एक सिनेमा लिहिला. मिलर डार्टमथचा माजी विद्यार्थी. तिथल्या फ्रॅटर्निटीतले, म्हणजे पोरांच्या त्या क्लबवजा वसतिगृहातले, त्याचे किस्से मासिकात गाजलेले होतेच. त्यातून झाला 'अ‍ॅनिमल हाउस'. दिग्दर्शक जॉन लँडिस, शूटिंग ओरेगन विद्यापीठाच्या परिसरात, बजेट साधारण ३० लाख डॉलर्स. जुलै १९७८ मध्ये सिनेमा आला आणि एकट्या अमेरिकेत १४ कोटी डॉलर्सच्या घरात कमाई करून गेला. छातीवर नुसतं 'कॉलेज' लिहिलेला बेलुशीचा स्वेटशर्ट पुढे पोस्टरांवर झळकला. देशभरातली पोरं चादरी गुंडाळून टोगा पार्ट्या करायला लागली.

त्यानंतर हॉलिवूडमध्ये कॉलेज-कॉमेडी नावाचं दुकानच उघडलं. शिस्तीचा डीन, श्रीमंत आणि खडूस पोरांचं एक हॉस्टेल, गबाळ्या पण दिलदार पोरांचं दुसरं, आणि शेवटी सगळ्या गावाचा सत्यानाश. ही रेसिपी नंतर कितीदा रटरटली, मोजदाद नाही. लॅम्पूनमध्ये लिहिणारा जॉन ह्यूज नावाचा पोरगा 'व्हेकेशन' लिहून पुढे गेला, आणि 'ब्रेकफास्ट क्लब' व 'होम अलोन'पर्यंत पोचला.

केनीचं काय झालं? हा माणूस आधीपासूनच पळणारा. १९७१ मध्ये मासिक जोरात असताना तो एक दिवस अचानक ऑफिसातून गायब झाला होता, आणि बऱ्याच दिवसांनी उगवला होता. यश मिळालं, पैसा मिळाला, नशा वाढली, आणि पुढचा जोक मागच्यापेक्षा मोठा हवा हे ओझंही वाढलं. १९८० च्या जुलैत त्याचा 'कॅडीशॅक' आला. आज तो कॉमेडीतला क्लासिक मानतात, पण तेव्हा समीक्षकांनी झोडपला. केनी मनाने पार कोसळला. ऑगस्ट १९८० मध्ये हवाई बेटांवर एका कड्यावरून पडून तो गेला. वय तेहतीस.

त्याच्यावर २०१८ मध्ये नेटफ्लिक्सने 'अ फ्यूटाइल अँड स्टुपिड जेस्चर' हा सिनेमा काढला. मिळाला तर बघा. हसता हसता घशात काहीतरी अडकेल.

माणसं गेली, पाटी राहिली

आता खरा किस्सा ऐका. हसवणारी माणसं एकेक करून निघून गेली, तरी 'नॅशनल लॅम्पून' ही पाटी शिल्लक होती, आणि पाटीला भाव होता. १९८९ ला कंपनीचे मालक बदलले, १९९० ला पुन्हा बदलले. मासिक अंगाने झडत झडत १९९८ मध्ये बंद पडलं. धंदा मात्र चालूच. कसला? नाव भाड्याने द्यायचा! कुठलाही सिनेमा असो, पैसे मोजा आणि वर 'नॅशनल लॅम्पून्स' लावा.

२००२ चा 'व्हॅन वाइल्डर' आठवतोय? आपल्याकडे हॉस्टेलच्या कॉम्प्युटरांवर तो बऱ्याच जणांनी पाहिला असेल. त्यात काल पेनने एका भारतीय विद्यार्थ्याची भूमिका केली. पात्राचं नाव काय, तर ताजमहाल बदलंदाबाद! न्यू जर्सीत जन्मलेल्या, कल्पेन मोदी हे खरं नाव असलेल्या गुजराती पोराला मोठा ब्रेक मिळाला तो असा. अशा भूमिकांसाठी 'भारतीय' अ‍ॅक्सेंट काढायचा आग्रह कसा व्हायचा, हे त्याने २०२१ च्या आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिलंय. याच काल पेनने पुढे ओबामांच्या व्हाइट हाउसमध्ये नोकरी केली.

यातली गंमत बघा. मूळचं लॅम्पून वरच्याची टोपी उडवायचं. निदान तसा दावा तरी होता. पाटी भाड्याने गेल्यावर उरलं ते परदेशी पोराच्या नावावर आणि पोरींच्या कपड्यांवर हसणं. खरं सांगायचं तर हा रोग मूळ अंकांतही होताच. ती खोली पुरुषांची होती. अ‍ॅन बीट्स तिथल्या पहिल्या महिला संपादक. त्यांना आपली जागा भांडून घ्यावी लागली, आणि नंतर त्या 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'च्या पहिल्या फळीत गेल्या. आज 'अ‍ॅनिमल हाउस' बघायला बसलात तर काही सीनना हसू येत नाही, अंगावर काटा येतो. जोक कोण सांगतंय यापेक्षा तो कुणाच्या जिवावर सांगितला जातोय, हे बघायची सवय आता आपल्यालाही लागलीय. बरंच झालं.

आणि पाटीचा शेवट? २००० नंतरच्या दशकात कंपनी चालवणाऱ्या दोन मुख्याधिकाऱ्यांना तुरुंगाची हवा खावी लागली. डॅन लायकिन यांनी कंपनीच्याच शेअरचा भाव खोटेपणाने चढवण्याच्या कटाची कबुली दिली. टिम डरहॅम यांना दुसऱ्या एका वित्तसंस्थेतल्या गुंतवणूकदारांना बुडवल्याबद्दल २०१२ मध्ये ५० वर्षांची शिक्षा झाली. भ्रष्ट धनदांडग्यांची टर उडवायला जे मासिक निघालं, त्याच्या खुर्चीवर शेवटी कोण बसलं बघा! असा ट्विस्ट केनीलाही सुचला नसता.

नोकरी करणारे विदूषक

सगळ्यांनीच कंपनी काढली असं नाही. किल्ल्यातल्या बऱ्याच पोरांनी सरळ आपल्यासारखी नोकरी धरली. कॉनन ओ'ब्रायन दोन वेळा हार्वर्ड लॅम्पूनचा अध्यक्ष होता. पुढे तो 'सिम्पसन्स'च्या लेखकांत दाखल झाला, जिथे अल जीन, माइक राइस, जॉर्ज मेयर असे त्याच किल्ल्यातले लोक आधीच बसलेले. आपल्या लाडक्या अमेरिकन 'द ऑफिस'चंच घ्या. तो शो अमेरिकेत उभा करणारा ग्रेग डॅनियल्स लॅम्पूनचा. त्यात रायन हा टेम्प झालेला आणि लेखकही असलेला बी. जे. नोव्हाक लॅम्पूनचा. लेखक मायकल शूरही लॅम्पूनचाच. म्हणजे ऑफिसमधल्या कंटाळ्यावरचा जगातला सगळ्यात गाजलेला विनोद लिहिणाऱ्यांत अर्धा कट्टा एकाच कॉलेजचा! ओळखीपाळखीने नोकरी लागणं फक्त आपल्याकडेच असतं असं समजू नका.

पण या नोकरदार विदूषकांकडे एक गोष्ट होती जी मासिकवाल्यांकडे नव्हती. युनियन! अमेरिकेतल्या लेखकांच्या संघटनेच्या करारांमुळे एपिसोड पुन्हा दाखवला की लेखकाला पुन्हा पैसे मिळतात. नोव्हेंबर २००७ मध्ये हेच लेखक संपावर गेले, कारण तोच माल इंटरनेटवर दाखवून मिळणाऱ्या पैशात त्यांना वाटा हवा होता. शंभर दिवस टीव्ही ठप्प. २०२३ मध्ये पुन्हा संप झाला, १४८ दिवसांचा. जोक लिहिणाऱ्यांनी हसत हसत सांगितलं, आधी हिशेब!

पिझ्झाच्या कूपनवर वाढलेला कांदा

आता जरा मिडवेस्टमध्ये. १९८८ साल, मॅडिसन गावातलं विस्कॉन्सिन विद्यापीठ. टिम केक आणि क्रिस्टोफर जॉन्सन या दोन विद्यार्थ्यांनी एक फुकट वाटायचं साप्ताहिक काढलं, 'द ओनियन'. सुरुवातीला पोरं ते उचलायची ते खालच्या पिझ्झाच्या कूपनसाठी. जोक वाचले गेले तर बोनस! वर्षभरातच दोघांनी ते स्कॉट डिकर्स आणि पीटर हेझ यांना विकून टाकलं. किंमत वीस हजार डॉलर्सपेक्षाही कमी. केक पुढे सिॲटलला गेला आणि तिथे त्याने 'द स्ट्रेंजर' हे दुसरं साप्ताहिक उभं केलं.

वीस हजारांच्या आतला हा कांदा पुढे सोन्याचा निघाला. डिकर्सच्या काळात त्याला बातमीपत्राचं कडक इस्त्रीचं रूप आलं. भाषा गंभीर, मथळा गंभीर, आणि बातमी अशी की, शेजारच्या काकूंनी आज भांडी घासली. १९९६ मध्ये वेबसाइट, १९९९ मध्ये 'अवर डम्ब सेंच्युरी' हे तुफान खपलेलं पुस्तक, २००१ मध्ये न्यूयॉर्कला बस्तान. आणि पोचतात न पोचतात तोच ११ सप्टेंबर. आख्ख्या देशात हसणं म्हणजे पाप वाटत असताना दोन आठवड्यांनी त्यांनी अंक काढला. मेलेल्यांवर एक शब्द नाही. टर उडवली ती हल्लेखोरांच्या फुशारक्यांची, आणि हात जोडून बसलेल्या, काय करावं ते न सुचणाऱ्या स्वतःसारख्यांची. वाचकांनी आभाराची पत्रं पाठवली. कॉलेज ह्यूमर वयात आलं ते त्या आठवड्यात, असं म्हटलं तर चुकणार नाही.

ओनियनचेही मालक पुढे बदलत राहिले. २०१३ मध्ये छापील अंक बंद झाला. २०२४ मध्ये ज्या नव्या कंपनीने ते घेतलं तिचं नाव 'ग्लोबल टेट्राहेड्रन'. हे नाव मुळात ओनियनच्याच जुन्या जोकमधल्या एका दुष्ट महाकंपनीचं! नव्या मालकांनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये छापील अंक पुन्हा सुरू केला, वर्गणीदारांच्या जिवावर. ऑनलाइनच्या जमान्यात कागद परत. काय म्हणाल?

आकड्यांचा खेळ

तिसरी गोष्ट आपल्या पिढीची. डिसेंबर १९९९. जॉश अब्रॅमसन आणि रिकी व्हॅन व्हीन, बाल्टिमोरचे शाळासोबती, वेगवेगळ्या कॉलेजांत शिकणारे. हॉस्टेलच्या पोरांत ईमेलने फिरणारे फोटो, व्हिडिओ, चुटके एका जागी टाकू, असं म्हणून त्यांनी 'कॉलेजह्यूमर' ही वेबसाइट काढली. १९२० च्या त्या मासिकाशी संबंध शून्य, पण नाव आणि फंडा अगदी तोच! जेक लॉडविक आणि झॅक क्लाइन येऊन मिळाले, आणि २००४ मध्ये या दोघांनी 'व्हिमिओ' हे व्हिडिओचं वेगळं दुकान काढलं. २००६ मध्ये बॅरी डिलर यांच्या 'आयएसी' कंपनीने बहुसंख्य हिस्सा विकत घेतला. त्याच वर्षी कॉलेजात कसं जगावं याचं त्यांचं टवाळ गाइडही आलं.

पुढची दहा वर्षं धम्माल. 'जेक अँड अमीर'सारखी ऑफिसातल्याच दोघांची छोटी छोटी मालिका आपणही डेस्कवर इअरफोन लावून, मॅनेजर दिसला की एक्सेल वर आणून बघितली. मग फेसबुकचं युग आलं. व्हिडिओ आमच्याकडेच टाका, लोक आमच्याकडेच बघतात, असं सांगितलं गेलं. सगळे तिकडे धावले. २०१६ मध्ये फेसबुकने कबूल केलं की व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहिला जातो याचे आकडे फुगलेले होते. जाहिरातदार कोर्टात गेले आणि २०१९ मध्ये ४ कोटी डॉलर्सवर तडजोड झाली. पण स्वतःच्या साइटवरचा प्रेक्षक एकदा तिकडे गेला तो गेलाच.

जानेवारी २०२० मध्ये आयएसीने हात काढून घेतले. शंभराहून जास्त लोक एका फटक्यात बेकार. सॅम राइश २००६ पासून तिथे व्हिडिओचं काम बघत होता. कंपनी बुडत असताना तीच त्याने घेतली. दोन महिन्यांत कोविड! शूटिंग बंद, ऑफिस बंद. हातात होतं फक्त 'ड्रॉपआउट' हे २०१८ मध्ये सुरू केलेलं, वर्गणी भरून बघायचं छोटं चॅनेल.

तेच तरलं. जाहिराती नाहीत, फेसबुकचे आकडे नाहीत. दर महिन्याला थोडे पैसे देणारा प्रेक्षक आणि स्वस्तात होणारे, कलाकारांच्या हजरजबाबीपणावर चालणारे शो. 'गेम चेंजर'मध्ये खेळाडूंना नियमच सांगत नाहीत. 'डायमेन्शन २०'मध्ये टेबलाभोवती बसून फासे टाकत गोष्ट रचतात. हीच मंडळी जानेवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, जिथे एरवी बास्केटबॉल आणि रॉक कॉन्सर्ट होतात, तिथे फासे टाकायला बसली. २०२३ मध्ये त्यांनी 'कॉलेजह्यूमर' हे नावच टाकून दिलं. आता फक्त 'ड्रॉपआउट'. कॉलेज सोडलेला!

आणि त्याच वर्षीच्या नफ्यातला काही हिस्सा त्यांनी वाटला. कुणाला? त्या वर्षात कंपनीकडून एक डॉलर जरी कमावला असेल, अशा प्रत्येकाला. म्हणजे एका एपिसोडमध्ये येऊन गेलेल्यालाही. केनीच्या काळात तिघांना ७५ लाख मिळाले आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. इथे टाळ्या वाजवणाऱ्यांच्या खात्यातही काहीतरी जमा झालं.

मग फंडा काय?

तुम्ही म्हणाल, आम्हाला काय त्याचं? आम्ही कुठे हार्वर्डला होतो? बरोबर. पण तुमच्या त्या चार दोस्तांच्या ग्रुपवर सध्या काय शिजतंय? पॉडकास्ट? रील्सचं पेज? शनिवार-रविवारचं स्टँडअप? पाचशे फॉलोअर असतात तोवर सगळे भाऊ-भाऊ. पन्नास हजार झाले की पहिला ब्रँड फोन करतो, आणि त्या फोनवर 'हो' कुणी म्हणायचं यावरून पहिलं भांडण होतं.

तेव्हा चहा पिता पिता तीन गोष्टी आत्ताच कागदावर लिहून टाका. नाव कुणाच्या मालकीचं. आलेल्या पैशात कुणाचा किती वाटा, एडिटिंग करणाऱ्या त्या अबोल मैत्रिणीसकट. आणि कुणाला बाहेर पडायचं असेल तर कसं, किती घेऊन. मैत्रीत लिहापढी कशाला, असं कुणी म्हणालं तर त्याला सांगा, किल्ल्यातल्या पोरांनी १९७० मध्येच रॉयल्टी लिहून घेतली होती!

आणि चौथी गोष्ट, जी कागदावर मावत नाही. बियर्डला कधी उठायचं ते कळलं, केनीला नाही. ज्या दिवशी पुढचा जोक मागच्यापेक्षा मोठा व्हायलाच हवा असं वाटून पोटात गोळा येईल, त्या दिवशी लॅपटॉप बंद करा, खाली टपरीवर जा आणि कटिंग मागवा. तिथे अजून जोकचे पैसे पडत नाहीत, आणि फसला तर कुणी कामावरूनही काढत नाही.